भिंतीची घाई

घरे माणसांशी बोलेनाशी झाली होती, पण आपसांत अजून बोलत होती, त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या एका वैद्यांचे जुने घर संग्रहालय म्हणून जपायचे गावाने ठरवले. दर रविवारी लोक श्रमदानाला येत. कोणी चुनखडी दिली, कोणी चुन्यात मिसळायला गूळ, कोणी हिरडा. चुनखडी भाजून केलेला चुना हौदात भिजत पडला.

पश्चिमेच्या भिंतीला मात्र दम निघेना. तिच्या अंगावरची भेग वाढत होती. आपण कोसळलो तर घरच जाईल, या धास्तीने ती सारखी विचारी, "चुनोबा, झालं का?"

"मुरतोय, बाई. महिना तरी लागेल."

देणगीतच आलेले सिमेंटचे पोते हसले. "तो मुरेपर्यंत तू उरशील का, ताई? माझं काम एका दिवसाचं."

भिंतीने मुद्दाम पोपडे गाळले. लोक घाबरले. म्हातारे गवंडी सुभानराव नको म्हणत असतानाही लोकांनी भेग सिमेंटने भरली.

जमिनीतली ओल पूर्वी भिंतीत चढे आणि चुन्यातून उडून जाई. आता ती सिमेंटमागे साचली. शेजारचे दगड भुसभुशीत होऊ लागले.

"जरा सैल हो रे," भिंत कळवळली.

"मला धरता येतं," सिमेंट म्हणाले, "सोडता येत नाही."

शेवटी लोक छिन्न्या घेऊन आले. सिमेंट निघाले, पण दोन धड दगड सोबत घेऊनच. चुना तोवर लोण्यासारखा झाला होता. सुभानरावांनी थापी खाली ठेवली आणि सगळ्यांना आधी त्या दोन खाचांत बसतील असे दगड शोधायला धाडले.