कुहूमायेच्या दारातला उंबर

एका राज्यात सुमनकेतू नावाचा राजा होता आणि त्याला फुलांचं भारी वेड होतं. वेड म्हणजे किती? तर वसंत लागला की तो फुलदरबार भरवी. रानातल्या प्रत्येक झाडाची, झुडपाची, वेलीची एकेक डहाळी दरबारात येई. डहाळीला फूल असलं की भालदार तिचं नाव पुकारी. नसलं की राजा नुसती मान हलवी, आणि मान हलली की कुऱ्हाड निघे. बिनफुलाचं ते बिननावाचं, असा तिथला रिवाज. प्रजाही तशीच. पळस फुलला की म्हणत, अहाहा, काय पळस! आणि फुलं गळून गेली की त्याच झाडाखाली उभं राहून विचारत, हे कुठलं हो झाड?

आता उंबराला कधी फूल दिसतं का? नाही दिसत. त्यामुळं राज्यातले उंबर एकेक करून गेले. एकच राहिला, रानाच्या पोटात, कुहूमाया नावाच्या जादूगारणीच्या दारात. तो तोडायला राजा स्वतः गेला. कुहूमाया वयानं थकली होती, पण आवाज खणखणीत.

"राजा, याला फूल आहे. तुला बघता येत नाही."

"दाखव, म्हणजे सोडतो."

"दरडावून दिसत नाही ते. शोधावं लागतं."

राजा हसला आणि त्यानं घाव घातला. उंबर कोसळला. कुहूमायेनं हात उचलला, आणि राजा उभा होता तिथं नुसती कुऱ्हाड पडलेली. त्याच घटकेला रानात दिसत होती तेवढी सगळी फुलं नाहीशी झाली.

राणी इरावती धावत आली. कुहूमायेनं तिला सांगितलं की तुझा राजा याच रानात हिरवा होऊन उभा आहे. फुलावाचून एक झुडूप, एक वेल आणि एक झाड ओळखून दाखव, राजा परत घेऊन जा. पानगळ लागली की मात्र तो कायमचा लाकूड होईल. आणि ओळखणारा चुकला तर त्यालाही इथंच मुळं फुटतील.

आधी प्रधानजी गेले, मोठ्या ऐटीत. फूल नाही म्हटल्यावर त्यांनी अंदाजपंचे काहीतरी नाव ठोकून दिलं आणि रानाच्या वेशीवर करवंदीची जाळी होऊन बसले. मग कोण जातंय? राणीच्या मागं उभं राहायला एक माणूस मिळेना. राजा हट्टी होता, तिरसट होता, सगळं खरं. पण तो तिचा होता. ती एकटीच रानात शिरली.

तिथं तिला धनेश पक्षी भेटला. चोच ही एवढी, आणि तोंडावर काळजी. त्याची बायको अंडी घेऊन ढोलीत बसली होती, दार चिखलानं लिंपून, आणि फटीतून तिला भरवायचं काम याचं. फुलं गेली तशी फळंही गेली. सरडे आणि किडे किती दिवस पुरणार? धनेश म्हणाला, राणी, रान फुललं तर माझी पोरं जगतील, म्हणून मी तुला शिकवतो. उत्तर मात्र तुझं तूच द्यायचं.

आणि काय शिकवलं त्यानं! पान नुसतं बघू नकोस, ते देठावर कसं बसलंय ते बघ, समोरासमोर की आळीपाळीनं. सालीवरून हात फिरव. चुरगळून वास घे. पण पान तोडण्याआधी झाडाला विचार, आणि एकच तोड. राणी सुरुवातीला वैतागली, कारण तिला सगळं हिरवंच दिसे. मग हळूहळू डोळे उघडले. अर्जुनाची साल गोरी आणि गुळगुळीत, तर त्याच्याच कुळातल्या ऐनाची काळी, मगरीच्या पाठीसारखी. एका आईची लेकरं म्हणावीत आणि अंगाची कातडी अशी वेगळी! राणी ऐनाला हात लावून कितीतरी वेळ उभी राहिली. इतकी वर्षं आपण या रानाशेजारी राहिलो आणि याला भेटलोच नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

मग ती कुहूमायेपुढं उभी राहिली.

कुहूमायेनं आधी तिचे डोळे बांधले आणि झुडपांच्या गर्दीत नेऊन सोडलं. म्हणाली, सुजलेल्या गुडघ्याला शेक देणारी कोणती ती दाखव. राणीनं प्रत्येक झुडपाला विचारून एकेक पान चुरगळलं. एका पानाचा उग्र वास नाकात गेला आणि तिला सासूबाईंच्या न्हाणीघरातलं घंगाळ आठवलं. ती म्हणाली, "ही निरगुडी." डोळ्यांवरची पट्टी आपोआप सुटली.

दुसऱ्या वेळी कुहूमायेनं वरच्या गर्दीतून लोंबणारी एक डहाळी दाखवली. एका देठाला तीन पानं, रुंद, जाड. राणीला हसूच आलं. कुठंही जा, पळसाला पानं तीनच, हे शेंबडं पोरही सांगेल. तिच्या ओठांवर 'पळस' आलाच होता. वर धनेश अस्वस्थ होऊन पंख फडफडवू लागला, पण बोलला नाही, कारण बोलायचं नव्हतं. राणीनं ओठ मिटले. डहाळीचा माग काढत ती खाली खाली आली, तर डहाळी कुठल्याच खोडाला लागेना. दोरखंडासारखी पिळत ती दुसऱ्याच झाडाला विळखा घालून उतरली होती. राणीच्या पायांना मुळं फुटायचीच काय ती बाकी होती.

"हा पळस नव्हे. ही पळसवेल."

कुहूमाया पहिल्यांदा हसली.

"आता झाड. मी सगळ्या रानाची फुलं काढून घेतली. एका झाडाची मलाही घेता आली नाहीत. ते झाड दाखव, आणि फूलही."

राणी रानभर फिरली. प्रत्येक झाड पाहिलं, कुठं पाकळी नाही. पानं पिवळी पडू लागली, वारा कोरडा झाला. शेवटी थकून ती कुहूमायेच्या दारातल्या त्या तोडलेल्या बुंध्यापाशी बसली. आणि बघते तर आजूबाजूची सगळी माती भेगाळलेली, बुंध्याखालची तेवढी ओलसर! बुंध्यातून एक कोवळा धुमारा वर आला होता, त्याची पानं माना टाकत होती. धुमाऱ्याच्या सालीला चिकटून एकच फळ होतं, लालसर, गोल. फूलच नव्हतं रानात, तर फळ आलं कुठून?

तिनं फळाकडं हात नेला तर धनेश मधे उतरला.

"राणी, हे मी पिकण्याची वाट बघत राखलंय. माझ्या बायकोचा शेवटचा घास आहे."

"धनेशा, मी खाणार नाही. फक्त उघडून बघेन. मग ते तुझंच."

धनेशानं एकवार ढोलीकडं पाहिलं आणि तो बाजूला झाला. राणीनं धुमाऱ्याला विचारलं, फळ काढलं, देठातून पांढरा चीक आला. तिनं ते तळहातावर फोडलं. आतून बारीक चिलटं उडाली, आणि आत फुलंच फुलं! मोहरीहून बारीक, दाटीवाटीनं बसलेली, शेकड्यांनी.

राणीला रडू आवरेना. "माये, हा उंबर. आणि ही त्याची फुलं."

धुमारा थरथरला, आणि त्या जागी सुमनकेतू उभा राहिला. अंगाला चिकाचा वास. त्यानं राणीच्या तळहाताकडं पाहिलं. मग म्हणाला,

"इरावती, इतके दिवस ही माझ्या आत होती. मला दिसली नाहीत."

तो कुहूमायेच्या पायांशी वाकला. तिनं त्याला उठवलं आणि धुमाऱ्याच्या जागी पुन्हा एक हिरवा कोंब निघाला, खराखुरा उंबराचा. रानभर फुलं आली. प्रधानजी अंगावरचे ओरखडे चोळत घरी गेले. धनेशानं फळाचे दोन्ही तुकडे ढोलीत भरवले, आणि पुढं यथावकाश चिखलाचं दार फोडून त्याची बायको पोरांसह बाहेर आली.

फुलदरबार अजून भरतो. राजा स्वतः प्रत्येक डहाळीची साल चाचपतो, पान हुंगतो. आणि उंबराला फूल नसतं असं कुणी परदेशी पाहुणा म्हणालाच, तर त्या राज्यात कुणी वाद घालत नाही. झाडाला विचारून एक फळ काढतात आणि पाहुण्याच्या हातावर फोडून ठेवतात.