ओळीतलं शेवटचं पिल्लू

माणसांनी पायवाटा पाडायच्या आधीची गोष्ट. माळापलीकडच्या शाळेत सगळ्या पिल्लांना रोज एक आई पाळीने न्यायची. प्रत्येकाने पुढच्याचं शेपूट धरून चालायचं, हा चिचुंद्रीने घालून दिलेला नियम. सशाच्या पिल्लाचं शेपूट काही कुणाच्या हाती लागेना, म्हणून ते कायम शेवटी.

सशिणीचा जीव थाऱ्यावर नसे. चिचुंद्रीची पाळी आली तशी "हिला धड दिसतं तरी का?" असं पुटपुटत ती झुडपांआडून ओळीमागे निघाली. माळावर पिल्लाने तिला पाहिलं आणि खारीच्या लेकीचं शेपूट सोडून ते "आई!" करत धावत सुटलं. वरून घार झेपावली. सशिणीने त्याला कसंबसं जाळीत ओढलं.

चिचुंद्री हुंगत हुंगत आली. "सशीणबाई, आजवर ओळ कधी तुटली नव्हती. उद्या पाळी तुमची."

दुसऱ्या दिवशी सशीण सगळ्यांच्या पुढे. शेपूट आखूड, म्हणून तिने एक कान मागे टाकून पहिल्या पिल्लाच्या हाती दिला. दुसरा माळभर टवकारलेला. मागच्या झुडपात काहीतरी खसफसलं.

"खारूताई," मागे न बघताच ती म्हणाली, "घरी जा."