‘कम’चा राहिलेला उपयोग

“‘कम’चा आणखी एखादा उपयोग राहिलाय का, सर?”

नाचण्यांनी विचारलं खरं; पण राहिलेला नसणार, याची खात्री करूनच ते आले होते.

लोपीस सर ओटीवर विड्याची पानं निवडत बसले होते. वसईच्या शाळेत त्यांनी अर्ध्या गावाला इंग्रजी शिकवलं. नाचणे त्या अर्ध्यातले. पुढे ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क झाले. दारात उभं राहून कोणी ‘साहेब, येऊ का?’ म्हटलं, की फायलीतून मान वर न करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्त झाल्यावर मान वर झाली, तेव्हा दारात कोणीच उरलं नव्हतं.

“म्हणून दाखव,” सर म्हणाले.

नाचण्यांनी घसा साफ केला.

“कम अक्रॉस, अचानक आढळणे. कम बाय, हाती लागणे. कम डाउन विथ, आजारी पडणे, बहुधा तापाने. कम टु थिंक ऑफ इट, तसं पाहिलं तर. कम राउंड, शुद्धीवर येणे...”

“थांब. कम राउंडचा आणखी एक अर्थ आहे.”

“आहे ना. हट्ट सोडून दुसऱ्याचं म्हणणं मान्य करणे.”

“हं. पाठांतर चांगलं आहे.”

नाचणे सुखावले. सरांकडून कौतुक ऐकायला त्यांना साठी उलटावी लागली होती.

“सगळं नातीसाठी चाललंय, सर. लीनाला ‘हॅलो आजोबा’ एवढंच मराठी येतं. मग ती घडाघडा बोलत सुटते आणि मी फोनसमोर मान हलवतो. नंदीबैलासारखी.”

“आली नाही ना ती अजून इकडे?”

“एकदाही नाही. ओटीवरचा झोपाळा मी खाली घेऊन ठेवलाय, तिचे पाय टेकावेत म्हणून. हल्ली मीच बसतो त्यावर. गुडघे हनुवटीला लागतात.”

सर हसले. नाचणेही हसले, पण त्यांचं हसणं लवकर संपलं.

“एकदा इंग्रजी पक्कं झालं, की रीतसर बोलावणार आहे तिला. चुकीच्या इंग्रजीत बोलावणं बरं दिसत नाही.”

“आणि हेमंत? तोही मराठी विसरला?”

“छे! पोरगा माझा आहे. मडमेशी लग्न केलं म्हणून काय झालं? दर रविवारी फोन करतो. विचारतो, ‘बाबा, यंदा येऊ का आम्ही?’”

“मग तू काय म्हणतोस?”

“काय म्हणणार? ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणतो. मग इंग्लंडातल्या थंडीची चौकशी करतो, स्वेटर घालत जा म्हणून सांगतो.”

“एवढंच?”

“लग्न करताना विचारलं होतं का मला? मग येताना कशाला विचारायचं?” नाचण्यांचा आवाज चढला आणि आपोआपच उतरला. “हेमंतची आई होती तेव्हा फोन तीच घ्यायची. काय बोलायची कोण जाणे... दोघंही हसायची.”

सरांच्या हातातलं पान हातातच राहिलं.

“एक उपयोग राहिलाय,” ते म्हणाले. “जरा फाटकाबाहेर जाऊन उभा राहा.”

नाचणे निघाले. काहीतरी प्रात्यक्षिक असणार, त्यांनी ओळखलं. सर काठी टेकत मागोमाग आले, त्यांनी फाटक लावलं, आतून कडी घातली आणि परत जाऊन पानं निवडायला बसले.

नाचण्यांना शाळा आठवली. ते ताठ उभे राहिले.

“मे आय कम इन, सर?”

“तुझं तू बघ,” सर म्हणाले.

नाचणे हसले.

“सर, कडी आतून आहे.”

“बाहेर ऊन आहे का रे?”

“आहे थोडं.”

“टोपी घालत जा.”

नाचण्यांच्या ओठांवरचं हसू तिथेच राहिलं. आपलं इंग्रजी सरांना कमी पडलं असावं, असं समजून त्यांनी जरा वरच्या दर्जाचं काढलं.

“सर, कुड आय पॉसिब्ली कम इन?”

सरांनी एक पान उजेडात धरून पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

“यंदा पाऊस बरा झाला,” ते म्हणाले.

“सर, चेष्टा पुरे.”

सरांनी पुढचं पान उचललं.

वाडीतली मोटर बंद झाली. पाटाचं पाणी केळींच्या मुळाशी जिरलं. सर समोरच होते, साध्या हाकेच्या अंतरावर. फाटकाची कडी बुटकी होती. फळीवरून हात घातला असता तर सहज निघाली असती. नाचण्यांनी हात वर नेला... आणि तसाच खाली घेतला.

रस्त्याने कोणीतरी सायकलवरून गेलं. त्याने वळून पाहिलं. दाराबाहेर उभं राहिलेल्या माणसाला कसं पाहिलं जातं, हे नाचण्यांना या बाजूने माहीत नव्हतं.

“सर...” ते म्हणाले. “येऊ का आत?”

आवाज त्यांचा त्यांना ओळखू आला नाही. मग आला. हा आवाज ते दर रविवारी ऐकत होते.

सर उठले. सावकाश फाटकाशी आले. कडीला त्यांनी हात लावला नाही.

“हात पोचत होता तुझा. काढली का नाहीस कडी?”

नाचणे फाटकाच्या फळीकडे बघत राहिले.

“तुम्ही ‘ये’ म्हणाला नाहीत, सर...”

वाडीत कुठेतरी एक नारळ पडला. दोघांपैकी कोणीही तिकडे पाहिलं नाही.

सरांनी कडी काढली, फाटक पूर्ण उघडलं आणि मान वर करून सूर्य कुठवर आलाय ते पाहिलं.

“इंग्लंडात आत्ता किती वाजले असतील रे, नाचणे?”