चांदीच्या घंगाळातला निवडुंग

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजीलासुद्धा पहिला दात यायचा होता तेव्हा, एक राज्य होतं. पाऊस भरपूर, चांदी भरपूर आणि शहाणपण बेताचं. हसू नका, आपल्या घरात काय भरपूर आहे ते आधी बघा.

त्या राज्याचा एक नेम होता. राजाच्या कोटाच्या आत भोकाचं भांडं न्यायचं नाही. का, तर माणसाला शेवटचं पोचवताना खांद्यावरच्या मडक्याला भोक पाडतात. मग जिवंत राजाच्या घरात तसलं भांडं म्हणजे अपशकुन. राजाच्या पणजोबांनी हे ठरवलं आणि पुढं कुणी तोंड उघडलं नाही. स्वयंपाकीण चाळण घेऊन कोटाबाहेर बसायची, आणि वारा सुटला की निम्मं पीठ शेजारच्या गावाला जायचं. झारीला भोकं, म्हणून माळी झाडांना तांब्यानं पाणी घालायचा.

राजाचं लग्न झालं. राणी लांबच्या रेताड मुलखातली. तिथला पाऊस जावयासारखा, वर्षातून एकदा यायचा आणि रुसून जायचा. तिच्याबरोबर माहेराहून एक निवडुंग आला. हातभर उंच, मनगटाएवढा जाड, हिरवागार, अंगभर काटे. माहेरी तो गच्चीवर एका फुटक्या डेऱ्यात वाढला होता. इथं फुटकं कसं चालेल? राजाची सगळी भांडीकुंडी ज्याच्या ताब्यात, त्या भांडाऱ्यानं आंघोळीच्या पाण्याचं चांदीचं घंगाळ काढलं, त्यात काळी माती भरली आणि निवडुंग मधोमध बसवला. दुष्काळातून आलंय बिचारं, असं म्हणून रोज एक तांब्या पाणी ठरवून दिलं.

आमच्याकडं महिन्यातून एकदाच घालतात, असं राणीनं सांगून बघितलं. पण नव्या सुनेचं कोण ऐकतं? तुमच्या घरात ऐकतात? मग राजाच्या घरात कशाला ऐकतील.

दोन महिन्यांत निवडुंग पिवळा पडला. अंगावर सुरकुत्या आल्या. सुरकुत्या म्हणजे तहान, म्हणून भांडाऱ्यानं एकाचे दोन तांबे केले. अजून सुरकुतला, तेव्हा तीन. मग दूध घातलं. मग झाड एका अंगाला कललं आणि बायाबापड्या बोलायला लागल्या की झाड राणीच्या माहेरचं, तेव्हा पायगुणही राणीचाच. राजा माणूस वाईट नव्हता, पण कानाचा हलका. त्यानं सांगून टाकलं, अमावस्येपर्यंत झाड सावरलं नाही तर राणीला माहेरी पोचवायची. झाड थोडे दिवस कोटाबाहेर ठेवून बघू असं राणीनं म्हटलं तर तेही नाही. झाड बाहेर म्हणजे राणी बाहेर, असं भांडाऱ्याचं म्हणणं.

आणि राणीला राजा आवडायचा, पण हे कुणी तिला विचारलंच नव्हतं. टाकलेली म्हणून बापाच्या दारात उभं राहायचं, या विचारानं तिला घास जाईना.

अमावस्येला तीन दिवस उरले तेव्हा धुरपा कुंभारीण पाण्याचे रांजण पोचवायला आली. धुरपाचे रांजण कोटात चालायचे, तिच्या कुंड्या मात्र कधी दारातून आत गेल्या नाहीत. कच्च्या कुंडीच्या बुडातून ती स्वतःचं बोट आरपार घालायची ना. त्या बोटाचा तिला भारी तोरा होता. रांजण उतरवता उतरवता तिनं बघितलं, राणी घंगाळाशी बसलीय, आणि चेहरा झाडाइतकाच पिवळा.

धुरपा न विचारताच तिच्याजवळ बसली. दोन काट्यांच्या मधून तिनं झाडाचा शेंडा दाबला, तो घट्ट. मधलं अंग दाबलं, तेही घट्ट. मातीलगत दाबलं तर बोट आत गेलं, जास्त पिकलेल्या केळ्यात जावं तसं. मग खराट्याची एक काडी उपसून तिनं घंगाळात तळापर्यंत खुपसली, बाहेर काढली आणि हुंगली. काडी चिंब, आणि वास असा की धुरपाचं नाक आपोआप पदरात गेलं.

“राणीसाहेब, ह्याला तहान न्हाई लागली. ह्यो बुडालाय.”

“मग सुरकुत्या कशाच्या?”

“मुळं कुजली. आता पाणी पिणार कशानं? तोंड बांधून गळ्याइतक्या पाण्यात उभं केलं, तर तुमी बी तहानेनंच मराल की.”

उपाय तिनं तिथंच सांगितला. घंगाळाच्या बुडाला भोक पाडायचं, साठलेलं पाणी जाऊ द्यायचं, कुजकं कापून टाकायचं, चांगलं उरेल ते सुकवून वाळूत लावायचं. भोक हा शब्द ऐकून दासींनी कानांवर हात ठेवले, आणि एक जण तसेच हात ठेवून भांडाऱ्याकडं पळाली. घटकाभरात धुरपा दरबारात, घंगाळ दरबारात आणि राणीही दरबारात.

राजानं आधी माळ्याला विचारलं. तीस वर्षं झाडांत घालवलेला माणूस, त्याला का कळत नव्हतं? पण त्यानं आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघितलं आणि म्हणाला, भांडारीबुवा म्हणतील तसं. धुरपाला भांडाऱ्याचा राग नव्हता आला, तो या माळ्याचा आला.

मग राजानं तिला विचारलं, भोकाचं भांडं कधी लागतं हे तुला माहीत नाही का.

“म्हाराज, ते मडकं मीच घडवती. मला न्हाई म्हाईत तर कुणाला?” धुरपा म्हणाली. “भोकानं कुणी मरत न्हाई. माणूस आधीच मेलेला असतो. आन् जित्या माणसाचं म्हणाल, तर देवानं तुमाला नऊ भोकं दिल्याती. त्यातलं कुठलं बी एक दोन दिस बंद करून बघा. तिसऱ्या दिशी वैद्य बोलवाल.”

दरबारात कुणीतरी फस्सकन हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. राजाचे ओठ हलत होते, मोजत असावा. भांडारी तणतणला, तशी धुरपानं त्याच्या कानातल्या भिकबाळीकडं बोट केलं आणि विचारलं, ही काय डिंकानं चिकटवलीय का बुवा.

भांडाऱ्यानं नेमांची पोथी उघडली. त्यानं नेम वाचून दाखवला. राजाच्या भांड्याला जो भोक पाडील, त्यानं सूर्य मावळायच्या आत कोटाबाहेर व्हावं आणि पुन्हा आत येऊ नये. धुरपा म्हणाली, बरं झालं, माझं घर तसंही बाहेरच आहे. तिनं मुदपाकखान्यातून वरवंटा मागवला, ओच्यातून रांजणावर नक्षी कोरायचा जाड दाभण काढला आणि घंगाळ थोडं कलतं केलं.

तोच राणीनं तिचा हात धरला. राजाला वाटलं, आवरतेय बिचारी. राणीनं वरवंटा काढून घेतला.

“मावशी, झाड माझ्या माहेरचं आहे. भोक मी पाडणार.”

नेम तुलाही लागू होतो, असं राजा पुटपुटला. आवाज त्याचा इतका बारीक की शेजारच्या चवरीवाल्यालाच कळला असेल. पण राणीनं ऐकला.

“तीन दिवसांनी तुम्ही मला घालवणारच होता,” ती म्हणाली. “त्यापेक्षा आज माझ्या पायानं जाते. पण झाड मारून जाणार नाही.”

धुरपानं दाभण धरला आणि राणीनं घाव घातला. एक, दोन, आणि तिसऱ्या घावाला चांदी फाटली. आतून काळं, आंबलेलं पाणी भळाभळा आलं. चार महिने घातलेली सगळी माया दरबारभर पसरली आणि भांडाऱ्याच्या नव्या जोड्यात शिरली. मानकऱ्यांनी नाकं दाबली. झाड तहानलेलं आहे असं म्हणायला आता एकाचंही तोंड उघडेना.

तरी नेम तो नेम. सूर्य मावळायच्या आत दोघी कोटाबाहेर पडल्या. निवडुंग राणीच्या काखेत, धडप्यात गुंडाळलेला.

कुंभारवाड्यात पोचल्यावर धुरपानं चाकू विस्तवावर तापवला आणि झाड खालून कापलं. आत तपकिरी. अजून वर कापलं, मधोमध तपकिरी ठिपका. अजून वर. शेवटी आतलं अंग काकडीसारखं स्वच्छ दिसलं तेव्हाच ती थांबली. हातभर झाडाचं वीतभर उरलं, आणि राणीला रडू फुटलं.

“रडा खुशाल,” धुरपा म्हणाली, “पण लांब बसून. ह्याला आता थेंबभर पाणी चालायचं न्हाई.”

कापल्या जागी तिनं चुलीतली राख लावली आणि तुकडा सावलीत ठेवून दिला. पंधरा दिवस तो तसाच पडून, ना मूळ, ना माती. जखमेवर खपली धरल्यावर राणीनं स्वतः घडवलेल्या कुंडीत वाळू आणि खापऱ्यांचा चुरा भरून तो उभा केला. त्या कुंडीच्या बुडाचं भोक राणीच्या बोटाचं होतं. पाणी घातलं ते आणखी महिन्यानं, तेही ओंजळभर.

मधल्या काळात राजाला करमेना, म्हणून राणीला चोरून आत न्यायला कोटातून तीनदा पालखी आली. तीनदा राणीनं ती रिकामी परत पाठवली. पालखीचे भोई खूश, जाताना ओझं नव्हतं.

चौथ्या वेळी राजा स्वतः आला, पायी. तोवर निवडुंगाला पोपटी शेंडा फुटला होता. राजा पालथ्या रांजणावर बसला आणि शेंड्याकडं बघत म्हणाला की चूक माझी होती. नेम मी गुपचूप मागं घेतो, तू चल, कुंडी तेवढी इथं राहू दे.

“कुंडी पुढं, मी मागं,” राणी म्हणाली. “आणि मोठ्या दरवाजानं. दिवसाउजेडी.”

तसंच झालं. वाटेवर दुतर्फा माणसं. दरवाजात भांडारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन आडवा उभा. धुरपा त्याच्यासमोर थांबली, डोक्यावरची कुंडी उतरवली आणि त्याच्या हातात दिली. धरा बुवा, जरा पदर नीट करते, म्हणाली. पदर काही नीट झाला नाही. भांडाऱ्याच्या पोटाला काटे, हातात कुंडी, मागं राजा. टाकताही येईना, थांबताही येईना. भोकाची पहिली कुंडी कोटात गेली ती त्याच्याच हातानं.

आत गेल्यावर एका मानकऱ्यानं हौसेनं तांब्या उचलला, तर माळी त्याच्या आडवा आला. तीस वर्षांत पहिल्यांदा तो मोठ्यानं बोलला, की तांब्या खाली ठेवा, याला पाणी कधी घालायचं ते मी सांगेन. आणि मानकऱ्यानं ठेवला.

म्हणून सांगते, ज्याला बाहेर पडायला वाट नाही ते चांदीत ठेवलं तरी कुजतं. तेव्हा वाट मागा, आणि कुणी देत नसेल तर पाडा.