प्रेत कोण?

"शेवटचं विचारतो, मास्तर. कुठं खोटं बोललात?"

तोडकर मास्तर डोळे मिटून पडले होते. मिरजेतलं इस्पितळ, भर दुपार, डोक्यावर पंखा नुसता कुरकुरत होता.

"पाणी..." ते म्हणाले.

इंद्रजितचे डोळे लकाकले. "तहान! कधीपासून लागते? दिवसा जास्त, का रात्री?"

मास्तरांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

उभा जन्म त्यांनी रहस्यकथा लिहिल्या. एसटी स्टँडवर शेंगदाण्यांच्या शेजारी विकल्या जायच्या, तसल्या. त्यांचा गुप्तहेर भार्गव लवंग चघळायचा, आल्यागेल्याचा पाणउतारा करायचा आणि चपलेवरच्या चिखलावरून खुनी पकडायचा. त्या पुस्तकांवर इंद्रजित वाढला. डॉक्टरकी त्यानं दुसऱ्या वर्षाला सोडली. तिथल्या प्रोफेसरांना पेशंटपेक्षा स्वतःचाच आवाज गोड लागतो, असं तो चारचौघांत सांगायचा. मग मास्तरांचे पाय धरले, लिहायला शिकला, आणि भार्गवच्या अंगात पांढरा कोट चढवून त्याला टीव्हीवर नेलं. मालिका तुफान चालली. दर भागात एक अजब रोग. दर भागात तो पकडला जायचा.

आणि इथं मास्तर महिनाभर तापानं वाळत चालले होते. मोठमोठे डॉक्टर येऊन मान हलवून गेले. "कळत नाही" म्हणायला असल्या डॉक्टरांची जीभ रेटत नाही. ते "बघू" म्हणतात. आज सकाळी तेही संपलं. उद्या घरी न्या, म्हणाले. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

म्हणजे इंद्रजितच्या हातात आजचा दिवस होता.

"साक्षीदार खोटं बोलतो, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून माझ्या मालिकेतला पेशंट खोटं बोलतो. बिडी ओढता?"

"सोडली."

"कधी?"

"ती दांडगी नर्स आल्यापासून."

"चेष्टा नको!"

"पाणी दे रे, इंद्या..."

"देतो. आधी सांगा, तोंड कडू पडतं?"

मास्तरांनी डोळे उघडले. "तुझी ती मालिका... कशी रे बेतलीस?"

इंद्रजित सुखावला. हे सांगायला त्याला कायम आवडायचं. "सोपं आहे. गुप्तहेर म्हणजे डॉक्टर. भार्गवला बावळट प्रश्न विचारणारा मित्र होता ना, त्याचा केला ज्युनिअर. लक्षणं म्हणजे पुरावे. तुमचे पहिले संशयित निर्दोष सुटायचे, तशी माझी पहिली निदानं चुकतात. आणि खुनी म्हणजे रोग."

"आणि प्रेत?"

"प्रेत म्हणजे..."

पंखा कुरकुरत राहिला.

"...प्रेत नसतं, मास्तर. पेशंट बरा होतो."

"मागच्या भागात बरी झाली, त्या बाईचं नाव काय?"

रोगाचं नाव त्याच्या जिभेवर होतं. बाईचं काही केल्या आठवेना.

"नाव घेऊन काय करायचंय! भार्गव कधी चुकला का? एकदा तरी?"

"कसा चुकेल?" मास्तरांना धाप लागली. "शेवटचं पान मी आधी लिहायचो. मग मागं यायचं... आणि चपलेला चिखल लावायचा."

इंद्रजितही तेच करायचा. आधी रोग ठरवायचा, मग लक्षणं पेरायची.

"मग हे?" त्यानं त्यांच्या अंगावरच्या चादरीकडे हात केला. "याचं शेवटचं पान कुणी लिहिलंय?"

"कुणी नाही."

तो ताडकन उठला. "म्हणजे जन्मभर थापा मारल्यात! उत्तर असतंच, असतंच, म्हणून माझं डोकं फिरवलंत, आणि आता म्हणता कुणी नाही? तुम्हीपण त्या 'बघू'वाल्यांतलेच! उद्या घरी नेऊन मी काय करू? तुमच्याकडं बघत बसू?"

मास्तरांनी हात उचलला. एक बोट वर आलं.

भार्गव शेवटच्या पानावर असंच बोट उचलायचा. दिवाणखान्यात सगळे जमलेले असायचे, कुणी श्वास घ्यायचं नाही.

इंद्रजित खाली वाकला. "बोला, मास्तर. कोण?"

बोट हळूहळू त्याच्या छातीसमोर आलं, तिथं थांबलं नाही, त्याच्या कोपराजवळून पुढं गेलं. त्यानं वळून पाहिलं.

स्टुलावर पेला होता. भरलेला. वर बशी झाकलेली, शेजारी चमचा. मागतील तेव्हा चमच्यानं पाजा, असं नर्स सकाळीच बजावून गेली होती.

पहिला चमचा हनुवटीवरून गळ्यावर ओघळला. तो गळा केवढासा झाला होता! महिनाभर रोज समोर बसून इंद्रजितनं तो पाहिला नव्हता. दुसरा चमचा आत राहिला.

"मास्तर..." त्यानं गळ्यावरचं पाणी पुसलं. "कशानं होतंय हे सगळं?"

मास्तरांनी घोट गिळला. गिळायला फार वेळ लागला.

"गार आहे," ते म्हणाले.