कोंडाबाईची पट्टी

"एकाच माणसाचं तोंड कसं बंद करायचं, बुवा?"

केरोबुवा तंबोऱ्याचा भोपळा फडक्यानं पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चपला बाहेर काढल्यास का?"

"काढल्या."

"मग बस."

जयराम ठुबे बसला. घोडनदीच्या काठावरच्या या मठात तो लहानपणी चार वर्षं राहिला होता. तंबोरा लावायला तो इथेच शिकला. आता तो मोठा इंजिनिअर होता. नव्या पिढीचं मोबाईलचं जाळं साऱ्या जगात एकाच नियमानं चालावं म्हणून शंभरावर देशांची माणसं एकत्र बसतात. त्या बैठकीचा तो अध्यक्ष होता.

"सहा वर्षं, बुवा. सहा वर्षं आम्ही एक मसुदा लिहितोय. कोणता फोन कोणत्या टॉवरशी कसा बोलेल, सगळं ठरलं. उद्या शेवटची बैठक. आणि एक माणूस हात वर करून बसलाय."

"दुखत असेल त्याचा हात."

"चेष्टा नको, बुवा."

"चेष्टा कुठं करतोय? सहा वर्षं म्हणजे काय थोडी झाली?"

"सहा वर्षं नाही. अकरा महिने."

"तरी दुखत असेल."

जयरामनं कपाळावर हात मारला.

बुवांनी फडकं झटकलं. "मग मतं घ्या आणि मोकळे व्हा."

"मतं घेत नाहीत आमच्याकडे. सगळ्यांना पटलं तरच पुढं जायचं, अशी रीत आहे. एकाची हरकत राहिली तरी सगळं अडतं."

बुवांनी पहिल्यांदा मान वर केली.

"रीत चांगली आहे की रे."

"चांगली? डोकं उठलंय माझं! शंभर देश एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला. प्रत्येक बैठकीत तेच वाक्य. तोच आवाज. बोलायच्या आधी घसा खाकरतो, तेही तसंच. आता मला झोपेत त्याचं खाकरणं ऐकू येतं."

"काय म्हणतो तो?"

"कुठलीतरी बेटं आहेत त्याची. नकाशावर बोट ठेवलं तर अख्खा देश झाकला जातो. तिथले कोळी जुने, बटणांचे फोन घेऊन समुद्रात जातात. आमच्या नव्या नियमांत त्या जुन्या फोनांना जागा नाही. हा म्हणतो, जागा ठेवा. नाहीतर आमच्या होड्या मुक्या होतील."

"नाही ठेवता येत?"

जयराम सतरंजीचा सुटलेला दोरा ओढू लागला.

"काय विचारतोय मी?"

"येते ठेवता..." जयराम म्हणाला. "पण तीन प्रकरणं नव्यानं लिहावी लागतील. आठ महिने जातील."

"आणि तुझं काय जाईल?"

"माझी मुदत या महिन्यात संपते, बुवा. आठ महिन्यांनी त्या खुर्चीवर दुसराच कुणीतरी असेल. सहा वर्षं मी राबलो, आणि सही त्याची."

"हं..."

"पण अगदीच अडलं, तर अध्यक्ष म्हणून मला एक अधिकार आहे. त्याची हरकत कागदावर नोंदवून घ्यायची आणि पुढं जायचं. नियमात बसतं. सात वाजेपर्यंत बैठकीच्या कचेरीला कळवायचंय, बस. तुम्ही एकदा हो म्हणा, म्हणजे माझ्या मनाला टोचणी राहणार नाही."

बुवांनी दाराबाहेर पाहिलं. ऊन नदीपलीकडच्या बाभळींवर गेलं होतं.

"साडेसहाला भजन आहे. तंबोरा लाव."

"बुवा, मी काय विचारतोय आणि..."

"लाव म्हटलं ना! इतक्या लांबून आलास तो नुसती कटकट करायला?"

जयरामनं तंबोरा ओढून घेतला. खिशातून फोन काढला आणि समोर भिंतीला टेकवून ठेवला.

"हे काय?"

"सूर दाखवतं. जगात कुठंही जा, हाच सूर. बरोबर लागला की हिरवं होतं."

"आणि चुकला की?"

"लाल."

"वा."

जयरामनं खुंट्या पिळल्या. चारही तारा एकामागून एक हिरव्या झाल्या. केसाचाही फरक नव्हता. तो बुवांकडे बघून हसला. बुवा दाराकडे बघत होते.

दारातून कोंडाबाई आली. वय झालेली, पाठीत वाकलेली. गेली चाळीस वर्षं मठातलं भजन तीच सुरू करायची. तिनं जयरामच्या डोक्यावरून हात फिरवला.

"कवा आलास रं लेकरा? वाळलास की."

"सकाळी आलो, आक्का. बसा. तंबोरा लावून ठेवलाय, अगदी बिनचूक."

कोंडाबाई बसली. डोळे मिटून तिनं सूर धरला. तो बसेना. ती थांबली, खाकरली.

जयरामनं चमकून तिच्याकडे पाहिलं.

तिनं पुन्हा धरला. आवाज तारेच्या खाली खालीच राहिला.

"आक्का, जरा वर घ्या. थोडंच."

"घेते की."

तिनं वर घेतला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आवाज मधेच फाटला आणि थांबला. कोंडाबाईनं पदर तोंडाला लावला.

"माझंच चुकतंय रं बाबा," ती हळूच म्हणाली. "म्हातारीचं काय ऱ्हायलंय आता? तुम्ही म्हणा. मी बसते ऐकत."



केरोबुवा उठले. गुडघे धरून, कण्हत, वैतागलेल्या चेहऱ्यानं उठले. कोंडाबाईच्या मागं जाऊन उभे राहिले. वाकून तिच्या उजव्या कानामागं पाहिलं. मग डाव्या. मग तिचा अंबाडा जरा बाजूला करून मानेवर पाहिलं.

"अगं बया! काय शोधताय, बुवा?"

"खुंटी."

"कसली खुंटी?"

"हा साहेब म्हणतो, तुला जरा वर चढवायची आहे. कुठून पिळायची ते बघतोय."

कोंडाबाईला हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला.

"मला न्हाई बसवली देवानं!"

"मग या भोपळ्याला चार चार कशाला बसवल्या म्हणतो मी..." बुवा पुटपुटले आणि परत जागेवर येऊन बसले.

जयरामनं तंबोऱ्याकडे पाहिलं.

मग त्यानं पहिली खुंटी धरली आणि उलटी पिळली. तार उतरली. दुसरी उतरवली. तिसरी. चौथी. कोंडाबाई हळूच सूर गुणगुणत होती आणि तो कान देऊन तिच्या मागं मागं जात होता.

एकदाचा सूर मिळाला.

"बुवा," जयराम म्हणाला, "हा सूर कुठल्याच पट्टीत बसत नाही. पेटीवर वाजवायला गेलो तर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत जाईल. हे बघा, लाल दाखवतंय."

"दाखवू दे. त्याला कुठं गायचंय?"

कोंडाबाईनं डोळे मिटले आणि सुरुवात केली.

आवाज मोठा नव्हता. पण तो दारातून बाहेर गेला, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेला. कपडे धुवायला आलेल्या दोघी बाया हातातलं थांबवून मठाकडे बघत राहिल्या.

पहिलं भजन संपलं, तेव्हा भिंतीशी ठेवलेला फोन थरथरला. सातला पाच मिनिटं कमी होती. कचेरीचा निरोप होता, "हरकत नोंदवून पुढे जायचं का? होकाराची वाट पाहतोय."

जयरामनं फोन उचलला. बोट काचेजवळ नेलं... आणि तिथंच थांबवलं.

"बुवा..."

"आता काय?"

"काय कळवू?"

केरोबुवांनी कपाळाला आठ्या घातल्या. तंबोरा स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.

"अकरा महिने त्या माणसाशी भांडतोयस ना?"

"हो."

"मग सापडली का त्याची खुंटी?"