कुंपणापलीकडचा कोंबडा

त्या परड्यात एकच कायदा होता आणि तो कुणी केलेला नव्हता: पहिला दाणा कोंबड्यांचा. शेंदऱ्या कोंबड्याला मातीत दाणा सापडला की तो मान खाली-वर करत हाक घालायचा, कोंबड्या धावत यायच्या, आणि त्यांचं टिपून होईपर्यंत तो स्वतः उपाशी उभा राहायचा. बदल्यात कुंपण त्याचं. सरहद्दीकडे कोंबडीनं फिरकायचं नाही, तिकडचं तो बघेल. काय त्याचा रुबाब! तिळी नावाच्या ठिपकेदार कोंबडीचा तर त्याला पाहून ऊर भरून यायचा.

एके दिवशी कुणीतरी मोडक्या कपाटाचं आरशाचं दार आणून कुंपणाला टेकवून ठेवलं. आरसा म्हणजे काय, हे परड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळच्या फेरीला गेलेल्या शेंदऱ्याला पलीकडे एक अख्खं राज्य दिसलं, आणि त्याच्या सीमेवर छाती काढून उभा असलेला, अगदी आपल्या तोलाचा एक कोंबडा. शेंदऱ्यानं मान फुगवली, त्यानंही फुगवली. शेंदऱ्या झेपावला, तोही झेपावला. दिवस मावळला तरी कुणी हरलं नाही, आणि न जिंकता परतायची शेंदऱ्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं नेहमीसारखी हाक घातली. दाणा होता, पण पहिली कोंबडी वाकली मात्र, त्यानं तिच्या पाठीत नखं रोवली. मग रोज तेच. पिसं उडाली, पाठी उघड्या पडल्या, तरी हाक आली की पाय आपसूक धावत. कुंपणच शेत खाऊ लागलं, तर दाद मागायची कुणाकडे?

"आपलंच काहीतरी चुकत असणार," सगळ्यांत थोरली भुरीआत्या म्हणाली. "जरा मान खाली घालून चाला गं. त्याच्या जिवाला सीमेचा घोर आहे. पलीकडचा भारी क्रूर आहे म्हणतात."

"तुम्ही पाहिलाय त्याला, आत्या?" तिळीनं विचारलं.

"आपण कशाला बघायचं? तो बघतोय ना!"

तिळी तेव्हा खुडूक होती, अंडी उबवत होती. दाणापाण्यापुरती उठायची, तेवढ्यातच तिची पाठ सोलून निघाली होती. पण पाठीचं तिला काही वाटत नव्हतं. अंड्यांतून आता टकटक ऐकू येऊ लागली होती. दाण्याची हाक पिल्लांना शिकवावी लागत नाही. ती उपजतच धावतात. आपली पिल्लं त्या हाकेला धावतील, या विचारानं तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

भर दुपारी शेंदऱ्या राखेच्या ढिगात पेंगत होता. तिळी उठली आणि थेट सरहद्दीवर गेली.

तिथं जे दिसलं, त्यानं ती जागच्या जागी थिजली. पलीकडे तसंच आभाळ होतं, तशीच माती, शेवग्याची तशीच विरळ सावली. एवढं मोठं राज्य इतकं जवळ, आणि आपण जन्मभर त्याला पाठ करून दाणे टिपत राहिलो! आणि समोर कोण? एक ठिपकेदार कोंबडी. तिळी अंग वळवून उभी राहिली, तीही राहिली. तिचीही पाठ उघडी होती. जखमा ताज्या होत्या.

"तुमच्याकडेही का गं बाई?" तिळी पुटपुटली. पलीकडचीचीही चोच हलली.

तेवढ्यात त्या कोंबडीच्या मागून कोंबडा येताना दिसला. मान फुगलेली, डोळे लाल.

"मागे बघ गं! मागे!" तिळी जिवाच्या आकांतानं ओरडली, आणि पलीकडचीही तितक्याच आकांतानं हिच्यासाठी चोच उघडून उभी राहिली.

त्या ओरडण्यानं सगळ्या कोंबड्या, भुरीआत्यासुद्धा, पहिल्यांदाच सरहद्दीवर धावत आल्या. पलीकडेही तशीच गर्दी झाली, सगळ्या उघड्या पाठींची. तिळी वळली. शेंदऱ्यानं तिच्यावर नखं उगारली होती, पण त्याची नजर तिच्या डोक्यावरून समोर खिळली होती. पलीकडचाही एका कोंबडीवर पाय उगारून याच्याकडेच बघत होता.

दोघांचेही पाय हवेत तसेच राहिले. आधी कोण खाली ठेवतो, हे बघत दोन्ही राज्यांतल्या कोंबड्या श्वास रोखून उभ्या होत्या.